हो, घेतली होती

देशमाने साहेबांनी बोलता बोलता खुर्ची मागे ओढली आणि नाकासमोर हात धरला.

"दत्ताराव, तुम्ही पिऊन आलात का?"

टेबलाच्या एका बाजूला मॅनेजमेंट, दुसऱ्या बाजूला आमची युनियन कमिटी. देशमाने साहेब एचआरचे प्रमुख, मी युनियनचा अध्यक्ष. वेतनकराराची बोलणी चालू होती आणि मी आवाज चढवून बोलत होतो, हे मान्य. जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकत होते, हेही मान्य. पण मी आयुष्यात दारूला तोंड लावलेलं नाही.

शेजारी रफिक होता, आमचा सेक्रेटरी. आम्ही दोघं एकाच वेळी हेल्पर म्हणून लागलो, एकाच मशीनवर शिकलो. तो उठून उभा राहिला.

"साहेब, शब्द मागे घ्या. हा माणूस खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन पितो."

"मग हा वास कसला? तुम्हीच बघा की जवळ जाऊन."

रफिक माझ्याकडे वाकला. त्याने श्वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "भावा, हे काय?"

तो वास कसला आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी दुसरंच वाक्य बोललो.

"हो. घेतली होती."

*

मी चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात, ते खातं. गाव बीडकडचं. कॉन्ट्रॅक्टवर आलो, परमनंट झालो, आकुर्डीत घर केलं. शिक्षण जेमतेम. जे मिळालं ते तोंडाच्या जोरावर. भाव करणं मला जमतं. कांद्याच्या ढिगापासून वेतनकरारापर्यंत समोरच्याचा शेवटचा आकडा काय असेल ते मला त्याच्या बसण्यावरून कळतं.

वेतनकराराला आम्ही सेटलमेंट म्हणतो. आम्ही मागण्या फुगवून लिहितो, कंपनी दाबून बोलते, महिनोन् महिने बैठका होतात आणि मधे कुठेतरी सही होते. यंदा बोलणी अडली तेव्हा आम्ही कॅन्टीन बहिष्कार पुकारला. संप न करता दाब आणायचा हा मार्ग आहे. काम पूर्ण करायचं, उत्पादन एका नगाने कमी होऊ द्यायचं नाही, पण कंपनीचा चहा, नाश्ता, जेवण घ्यायचं नाही. भरलेली पातेली तशीच परत जातात. वरच्या ऑफिसला ते रोज दिसतं. कामगार घरून डबा आणतात आणि शेडच्या सावलीत बसून खातात.

गेट मीटिंगमध्ये माईक माझ्या हातात होता. समोर दोन्ही शिफ्टची पोरं. मी म्हणालो, "तुम्ही डबे आणा. अध्यक्षाचा डबा येणार नाही. करार होईपर्यंत कंपनीच्या आवारात मी अन्नाचा कण घेणार नाही."

टाळ्या पडल्या. कोणीतरी माझ्या नावाने घोषणा दिली. रफिकने मात्र माईक बंद झाल्याबरोबर विचारलं, "तुला शुगर आहे ना रे? उपाशी चालतं?"

"शुगरवाल्याने कमी खाल्लेलं बरंच असतं," मी म्हणालो.

हे धडधडीत खोटं होतं आणि त्याला ते खरं वाटलं. बहुतेकांना वाटतं. इथे मला समजावून सांगावं लागेल, कारण सगळी गफलत या एका शब्दात आहे. लोक ज्याला शुगर म्हणतात ती बहुधा उतारवयात येणारी, गोळ्यांवर भागणारी, पथ्य पाळून ताब्यात राहणारी. माझी तशी नाही. माझी टाइप वन. शाळेत असतानाच झाली. माझ्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते बाहेरून टोचून घ्यावंच लागतं, जेवलं तरी आणि नाही जेवलं तरी. ते नसेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही. शरीर स्वतःलाच जाळायला लागतं. माणूस वाळतो आणि रक्तात आम्ल साचतं. ते वाढलं की तोंडाला सडक्या फळासारखा वास येतो, जीभ जड होते, भान जातं. आणि मग माणूस जातो. लहानपणी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या वडिलांना हे बजावून सांगितलं होतं. मी शेजारीच बसलो होतो.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

*

आता माझी तक्रार लिहितो. ती मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

मागच्या सेटलमेंटला मी कमिटीत नवा होतो. महागाईवर बोलताना मी म्हणालो, कामगाराचं पोट भरत नाही. देशमाने साहेबांनी माझ्या शर्टाच्या बटणांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोटाचं म्हणाल तर तुमचं पोट आमच्यापेक्षा बरं दिसतंय, दत्ताराव." मॅनेजमेंट हसली, ते ठीक. आमच्या बाजूचेही हसले. मी पण हसलो.

त्या दिवसापासून मी माझं पोट बघायला लागलो. आरशात, बसच्या काचेत, वॉशबेसिनच्या नळावर. जेवण कमी केलं. त्याने फारसं काही झालं नाही. मग कधीतरी इंजेक्शन चुकलं, आणि मग ते चुकवायला लागलो. अंग उतरायला लागलं. हजेरीत जसा खाडा असतो तसा मी मनात त्याला खाडा म्हणायचो. खाडा म्हटलं की गुन्हा वाटत नाही. सगळेच कधी ना कधी खाडा करतात.

कोणी ओळखलं नाही. उलट कौतुक झालं. शेजारी म्हणाले, तब्येत छान केली. कंपनीच्या वार्षिक तपासणीला आलेल्या डॉक्टरने काट्याकडे पाहून पाठ थोपटली. त्यालाही मी मनात अजून माफ केलेलं नाही. एकाने तरी विचारायचं होतं, कसं केलंस.

आणि यातला लाजेचा भाग अजून पुढे आहे. दिवसभर उपाशी राहणारा माणूस संध्याकाळी उपाशी राहत नाही. कंपनीची बस आकुर्डीत मला घराजवळ सोडते. मी एक थांबा आधी उतरायचो. तिथे एक बेकरी आहे. खारी, क्रीमरोल, नानकटाई असं भरपूर बांधून घ्यायचो. बेकरीवाला विचारायचा, "साहेब, रोज पाहुणे?" मी म्हणायचो, "सोयरीक जुळवतोय." बेकरीमागच्या बंद दुकानाच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून मी ते सगळं खायचो. चव लागायची नाही. कागद नाल्यात टाकायचो, शर्ट झटकायचो आणि घरी जाऊन सुनंदाला, माझ्या बायकोला, सांगायचो की भूक नाही. ती अर्धी भाकरी तरी खा म्हणायची. मी चिडायचो. आणि ते खाल्लेलं अंगी लागू नये म्हणून रात्रीच्या इंजेक्शनचा खाडा.

बहिष्कार आला आणि मला तर सोनंच सापडलं. आता न जेवण्याला कारण सांगायची गरज उरली नाही. दुपारी पोरं डबे उघडायची आणि मी मधे बसून पाणी प्यायचो. कोणी भाजी पुढे केली की हात जोडायचो. रफिक रोज चिडायचा. "अबे, एक घास घे. करार काय तुझ्या आतड्यांवर होणार आहे का?" बाकीचे त्याला गप्प करायचे. "असू दे राव, अध्यक्ष आपल्यासाठी करतायत."

मी मान खाली घालायचो. त्यांना तो नम्रपणा वाटायचा.

*

त्या बैठकीच्या दिवशी सकाळपासून तहान जात नव्हती. पोटात मळमळत होतं, श्वास खोल चालला होता. मला कळत होतं हे काय आहे. वाटलं, एवढी बैठक होऊ दे. देशमाने साहेबांचा शेवटचा आकडा ओठांवर आला होता, मला दिसत होता.

आणि ते म्हणाले, पिऊन आलात का.

मी "घेतली होती" म्हटल्यावर त्यांनी सिक्युरिटीला बोलावलं. गेटवर श्वास तपासायचं मशीन असतं, त्यात फुंकायला लावा म्हणाले. मला प्रेस शॉपमधून चालवत नेलं. दोन्ही बाजूंना मशीनवरची पोरं बघत होती. त्या श्वासाच्या मशीनपर्यंत मी पोचलो नाही. सिक्युरिटी केबिनच्या पायरीवर बसलो, ओकलो आणि पुढचं मला आठवत नाही.

हॉस्पिटलमध्ये जाग आली तेव्हा हाताला सलाईन होतं आणि पायाशी सुनंदा. डॉक्टर साने माझ्या उशाशी उभे. साधारण माझ्याच वयाचे, आवाज न चढवणारे.

"रक्त आंबट झालं होतं तुमचं. आणखी थोडा उशीर झाला असता तर मी तुमच्याशी बोलत नसतो. इन्सुलिन घेत होता?"

"घेत होतो."

"नव्हते घेत," सुनंदा म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "फ्रिजमधलं औषध संपतच नव्हतं. मला वाटायचं, कंपनीत दुसरं ठेवलं असेल. विचारलं की अंगावर यायचे."

मी अंगावर यायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी हात वर केला.

तेवढ्यात डोकं कामाला लागलं होतं. कंपनीने चार्जशीट तयार केली असणार. चार्जशीट म्हणजे गैरवर्तनाचा लेखी आरोप. त्यावर चौकशी बसते आणि नोकरीही जाऊ शकते. मशीनमध्ये मी फुंकलेलं नव्हतं. आरोपाला पुरावा एकच, माझी कबुली.

"डॉक्टर, एक कागद द्याल? दारू नव्हती, शुगर वाढली होती, एवढंच लिहा. कशाने वाढली ते नको."

"ते खरंच आहे. लिहून देतो. पण कशाने वाढली ते मला तरी सांगा. नाहीतर तुम्ही पुन्हा याच पलंगावर याल, किंवा येणार नाही."

मी भाव केला. म्हणालो, कामाचा ताण होता, विसरलो. ते म्हणाले, दत्ताराव, एवढं कोणी विसरत नाही. मी म्हणालो, बरं, कधी कधी मुद्दाम. ते थांबून राहिले. असं थांबणं मला ओळखीचं आहे. मी स्वतः ते टेबलावर वापरतो. समोरचा बोलेपर्यंत बोलायचं नाही. मी शेवटी सुनंदाला बाहेर जायला सांगितलं. ती गेली नाही. तिच्यासमोर सगळं सांगावं लागलं, बेकरीसकट.

डॉक्टर म्हणाले, टाइप वनच्या पेशंटमध्ये हे होतं. वजनाच्या धास्तीने इन्सुलिन टाळायचं. याला डायब्युलिमिया म्हणतात. खाण्याचा आजार आणि मधुमेह एकमेकांच्या गळ्यात पडलेले. नुसतं इन्सुलिन लिहून देऊन हा बरा होत नाही, मनाचे उपचारही सोबत लागतात. त्यांच्या ओळखीच्या एक मानसतज्ज्ञ वाकडला बसतात.

"हा पोरींचा आजार आहे ना?" मी विचारलं.

"पुरुष सांगत नाहीत, म्हणून तसं वाटतं."

सुनंदा पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटलं रडतेय. ती म्हणाली, "खारी आवडते तर घरी आणायची की. भिंतीकडे तोंड करून कशाला?"



*

संध्याकाळी रफिक आला. खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"डॉक्टर खाली भेटले. म्हणाले दारू नव्हतीच, शुगरचा वास होता."

"मग झालं तर. कागद देतायत. चार्जशीट गळून पडेल."

"ते पडेल. पण तू प्यायलो का म्हणालास?"

उत्तर नसलं की मी चिडतो. "तू काय चौकशी अधिकारी आहेस का? मी इथे मरत होतो आणि तुला..."

"मॅनेजमेंटने बोलणी थांबवली," तो म्हणाला. "म्हणे, प्यालेल्या अध्यक्षाच्या कमिटीबरोबर बसणार नाही. बहिष्कार मोडला. पोरं कॅन्टीनला गेली. म्हणतात, अध्यक्ष ढोसतो आणि आम्ही चपाती-भाजी गार खायची? ग्रुपवर तुझा फोटो टाकलाय, पायरीवर ओकतानाचा. मी गेटवर तुझ्यासाठी भांडलो. म्हटलं, दत्ता पीत नाही, मी गॅरंटी देतो. तर पोरं हसली. म्हणे, तो स्वतः हो म्हणालाय."

तो गेला. घसा साफ करायचा आवाज जिन्यात बराच वेळ येत होता.

डॉक्टरांचा कागद मला कंपनीकडून सोडवत होता. रफिकच्या प्रश्नातून सोडवत नव्हता. खरं सांगितल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि ते उत्तर मिळेपर्यंत ना कमिटी उभी राहत होती ना बोलणी.

*

वाकडच्या त्या मानसतज्ज्ञ, केतकी मॅडम, माझ्या पुतणीच्या वयाच्या निघाल्या. मी मनात म्हटलं, हिला मी दहा मिनिटांत गुंडाळतो.

त्यांनी पहिलं विचारलं, "दारू कबूल करणं सोपं का गेलं?"

"पिणाऱ्याला कंपनीत जागा असते, मॅडम. दोन दिवस हसतात, मग कोणीतरी सोडवायला येतं, साहेबांचे पाय धरतं. पुरुषमाणूस पितो, हे सगळ्यांना कळतं. पन्नाशीला आलेला माणूस पोट दिसू नये म्हणून इंजेक्शनचा खाडा करतो, हे सांगितलं असतं तर..."

"तर?"

"तर मला बाई म्हणाले असते."

"मला तर रोजच म्हणतात," त्या म्हणाल्या.

मी हसलो नाही, पण पुढचं वाक्य विसरलो.

त्यांनी खाडा हा शब्द उचलला. विचारलं, खाडा केला की त्या दिवशी काय वाटतं. मी म्हणालो, जिंकल्यासारखं. कोणाला हरवल्यासारखं? मी देशमाने साहेबांचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "आणि आजारी कोण पडलं?" मी खिडकीच्या कट्ट्यावर हात आपटला. खरंच आपटला. त्यांनी पाण्याचा ग्लास थोडा बाजूला घेतला आणि वाट बघितली.

मग डॉक्टर साने आणि त्या, दोघांनी मिळून ठरवलेलं त्यांनी सांगितलं. वजनकाटा घरातून काढायचा. प्रत्येक जेवण कोणाच्या तरी सोबत. प्रत्येक इंजेक्शन कोणाच्या तरी समोर. काही दिवस तरी.

"प्रत्येक नाही जमणार," मी म्हणालो. "रात्रीचं देतो."

"देता?"

"बरं, सकाळचंही घ्या. दुपारचं सोडा, दुपारी कंपनीत असतो."

"दत्ताराव, तुमच्या या बोलणीत मी कोणत्या बाजूला बसलेय?"

मी बघितलं. त्यांच्या खोलीत टेबल एका कोपऱ्यात होतं आणि आम्ही दोघं खिडकीजवळ नुसत्या खुर्च्यांवर होतो. भाव करायला समोर कोणी नव्हतं. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी चपला शोधायला लागलो.

"दुपारी कंपनीत तुमच्यासोबत कोण बसू शकेल?" त्यांनी विचारलं.

एकच नाव होतं.

*

कासारवाडीला रेल्वे स्टेशनच्या मागे रफिकचं घर आहे. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि नेहमीसारखी "या भाऊ" म्हणाली नाही. रफिक आत पंखा दुरुस्त करत होता. मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर सांगितलं नसतं.

तो पाना हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे बहिष्कारात तू उपाशी होतास ते आमच्यासाठी नव्हतं?"

या प्रश्नाची मला भीती होती. खाण्याच्या आजाराचं नाव सांगताना जेवढा कानकोंडा झालो नव्हतो तेवढा आता झालो.

"थोडं तुमच्यासाठी होतं."

"किती थोडं?"

मी पंख्याचं सुटं पातं उचलून बाजूला ठेवलं.

"पोरं तुझ्यासमोर डबा उघडायला लाजायची, माहितेय? आपल्या कमिटीत कॅन्टीनचं बघणारा तो नवीन पोरगा, त्याने पण डबा बंद केला होता. अध्यक्ष उपाशी, मग मी कसा खाऊ. त्याच्या आईचा मला फोन आला होता." त्याने पाना खाली ठेवला. "शिव्या द्याव्यात तर तू आजारी. न द्याव्यात तर माझ्या छातीत अडकतात."

"दे."

त्याने दिल्या. मराठीत सुरू केल्या आणि हिंदीत संपवल्या. आतून त्याची बायको म्हणाली, "अहो, हळू." मग तो म्हणाला, "आता बोल, काय पाहिजे?"

"दुपारी माझ्यासोबत जेवायला बस. इंजेक्शन घेतो की नाही ते बघ."

"एवढंच? हे मागायला तू आधी मरून आलास?"

दुसऱ्या दिवशी युनियन ऑफिसमध्ये कमिटीला सांगितलं. ते चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. एकजण म्हणाला, असा कुठे आजार असतो होय, प्यायला असशील तर तसं सांग. एकजण माझ्या पोटाकडे बघत राहिला. तो कॅन्टीनचं बघणारा पोरगा उठून बाहेर गेला आणि माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. त्याचं बरोबर होतं. मी तिथेच अध्यक्षपद सोडलं. कोणी थांबा म्हणालं नाही. खरं सांगतो, कोणीतरी म्हणेल असं मला वाटलं होतं.

*

चार्जशीटवर सुनावणीला रफिक माझा प्रतिनिधी म्हणून आला. देशमाने साहेबांनी डॉक्टरांचा कागद वाचला, पुन्हा वाचला.

"मग कबूल का केलंत, दत्ताराव?"

मी त्यांना मागच्या सेटलमेंटची आठवण करून दिली. पोट, बटणं, हसणं. शब्द न् शब्द सांगितला.

ते आठवायचा प्रयत्न करत होते, हे मला दिसत होतं. "मी असं म्हणालो? असेन. चेष्टेत म्हणालो असेन. तुम्ही ते इतकं मनाला लावून..."

माझं डोकं फिरलं. मी अर्धा उठलो होतो. लेखी माफी द्या म्हणालो, नोटीस बोर्डवर लावलेली, तुमच्या सहीची. रफिकने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबून धरला.

"साहेब," तो म्हणाला, "याला तुमची माफी हवीय. मी म्हणतो माफी राहू द्या. त्याच्या बदल्यात एक नियम द्या. कोणाच्या तोंडाला वास आला, कोणाची जीभ अडखळली, की गेटवर न्यायच्या आधी फर्स्ट एडला न्यायचं आणि शुगर बघायची. आपल्या प्लांटमध्ये इन्सुलिनवाला हा एकटा असेल असं समजू नका."

देशमाने साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माफी माझी होती, ती विकायचा हक्कही माझाच होता. मी रफिककडे पाहिलं. पाय अजून पायावर होता.

"मान्य," मी म्हणालो.

चार्जशीट मागे घेतली. नियम झाला. बोलणी पुन्हा सुरू झाली आणि रफिकच्या सहीने करार झाला. मी असतो तर आणखी थोडं खेचलं असतं, असं मला वाटतं. तो म्हणतो, तू असतास तर आपण अजून टेबलावरच बसलेलो असतो.

माझ्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली आहे. तपासण्या चालू आहेत. वाकडला जाणं चालू आहे. मधे दोनदा घसरलो, पुन्हा खाडा केला. दोन्ही वेळा केतकी मॅडमना फोन करायला मला उशीर झाला आणि दोन्ही वेळा त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. दुपारी कॅन्टीनला रफिक समोर बसतो, मी शर्ट वर करून पोटाला सुई टोचतो, तेच पोट, आणि मग जेवतो. सुरुवातीला आजूबाजूच्या टेबलांवर कुजबुज व्हायची. एकदा रफिकने मोठ्याने विचारलं, "कोणाला टोचून घ्यायचंय का? नसेल तर आपापल्या आमटीत बघा." तेव्हापासून कमी झाली. काही जण अजूनही म्हणतात, तो प्यायलाच होता, नंतर कागद आणला. मी भांडायला जात नाही. क्वचित जातो.

कमिटीत नवा माणूस आला की त्याला बोलणी कशी करायची ते अजून मीच शिकवतो. मागणी फुगवून लिही, पहिला आकडा त्यांना बोलू दे, चहा आला तरी सूर सोडू नको. शेवटी दोन गोष्टी सांगतो. बहिष्कार असला तरी डबा आणायचा आणि चारचौघांत बसून खायचा. आणि जे केलं नाही ते कबूल करायचं नाही, ते कितीही सोयीचं वाटलं तरी.